घराण्यात कोणाला नाही, मग मला कशाला होईल?

रत्नागिरी काय नि मालवण काय, बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचा विषय निघाला की हेच ऐकू येतं, आमच्या घराण्यात कोणाला नाय, म्हणजे आपल्याला भीती नाय. हे साफ चुकीचं आहे हो. आईवडिलांकडून आलेल्या जीन्समुळे होणारे ब्रेस्ट कॅन्सर साधारण 5 ते 10 टक्केच असतात.

पाळी गेल्यावर वजन जास्त असेल तर धोका वाढतो. वजनाचा काय संबंध? पाळी गेल्यावर ओव्हरी म्हणजे अंडाशय इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन बनवणं जवळजवळ थांबवते पण चरबी थांबत नाही, तिच्यात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं ते दुसऱ्या हार्मोन्सचं इस्ट्रोजेन करतं, म्हणजे चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त, आणि बऱ्याचशा ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी त्याच्यावरच पोसतात. वर लठ्ठपणात इन्सुलिन वाढलेलं असतं ते वेगळंच.

आता पोटातले बॅक्टेरिया. लिव्हर वापरलेलं इस्ट्रोजेन बांधून पित्तातून आतड्यात सोडतं, ते संडासवाटे जायला हवं, पण काही बॅक्टेरिया ते बांधलेलं इस्ट्रोजेन सोडवतात आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन परत रक्तात जातं. लठ्ठपणात हे बॅक्टेरिया बदलतात, त्याने कॅन्सरवर किती फरक पडतो यावर संशोधन चालू आहे, तेव्हा कॅन्सर टाळायला म्हणून कोणी प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांच्या गोळ्या-पावडरी, विकत असेल तर पैसे घालवू नका. नाचणी, कुळीथ, भाज्या खा की.

बारीक बायकांनाही होतो बरं. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, आणि छातीत गाठ लागली, बोंडातून रक्त आलं तर दुखत नाही म्हणून गणपती होऊ देत मग बघू असं प्लीज करू नका.