विद्यार्थ्यांचं बर्नआउट (कोकण किनारपट्टी)

विद्यार्थ्यांचं बर्नआउट म्हणजे अभ्यास, सबमिशन, परीक्षा आणि घरच्या अपेक्षा यांचा ताण महिनोन्महिने चालू राहिला की येणारा असा थकवा जो दहा तास झोपून उठलं तरी जात नाही. नुसता कंटाळा वेगळा, आणि पेपरच्या आदल्या रात्रीचं टेन्शन पण वेगळं, ते पेपर देऊन बाहेर आलं की उतरतं. बर्नआउटमध्ये पेपर संपतात, सुट्टी लागते, आणि तरी काहीच वाटत नाही. कोकणातल्या कॉलेजात हा शब्द आत्ता आत्ता रुळलाय, त्याआधी "डोकं भंजाळलंय", "वीट आलाय" किंवा मालवणीत "माका कायच करुचा वाटणा नाय" एवढ्यावरच भागायचं, आणि घरचे त्याला सरळ आळस म्हणायचे. अजूनही म्हणतात.

शब्द मुळात विद्यार्थ्यांसाठी नव्हताच. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना तो वापरला, आणि तो स्वतःही त्यातून गेला होता. पुढे क्रिस्टीना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मोजमापाची प्रश्नावली काढली. त्यात तीन गोष्टी बघतात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन कोरडं होणं, आणि आपल्याला काही जमत नाही अशी खात्री होत जाणं. यातल्या दुसऱ्या गोष्टीला मराठीत आधीपासून फर्मास शब्द आहे, पाट्या टाकणे. लेक्चरला बसायचं, हजेरी लावायची, ७५ टक्के भरले की झालं, फळ्यावर काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही. २००२ मध्ये शॉफेली आणि सहकाऱ्यांनी हीच प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी बदलून घेतली, म्हणजे अभ्यास हेही कामच आहे हे निदान संशोधकांनी तरी मान्य केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात (२०२२ पासून लागू) मात्र बर्नआउट हा आजार नाही, फक्त नोकरीधंद्याशी जोडलेली अवस्था आहे. ज्यांनी ही व्याख्या केली त्यांनी रात्री दोनला फिजिक्सचं जर्नल उतरवून काढलेलं नसावं.

कोकणात याला काही खास कारणं आहेत. पहिलं म्हणजे निकाल. दहावी-बारावीच्या टक्केवारीत कोकण विभाग स्वतंत्र झाल्यापासून दरवर्षी राज्यात पहिला येतो, पेपरात फोटो, गावात बॅनर, आणि मग तोच पोरगा किंवा तीच पोरगी दापोलीच्या कृषी विद्यापीठात नाहीतर लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला जाते आणि पहिल्या सेमिस्टरला केटी लागते. आयुष्यात पहिल्यांदा नापास. घरी सांगायचं कसं? बॅनर तर अजून एसटी स्टँडसमोर लटकतोय. तिथून पुढे जो लपवण्याचा कार्यक्रम सुरू होतो तो अभ्यासापेक्षा जास्त दमवतो.

दुसरं कारण प्रवास. हॉस्टेल परवडत नाही म्हणून गावातून अपडाउन करणारी बरीच पोरं असतात, पहाटेची गाडी पकडायची, घाटातून दीड तास उभ्याने, संध्याकाळी परत तेच. हा वेळ कोणी कामात धरत नाही. जुलैत तर छत्री, रेनकोट आणि पिशवीत गुंडाळलेलं जर्नल, तरी एक कोपरा भिजतोच आणि शाई पसरून रीडिंगचे आकडे निळे ढग होतात. माझं एकदा झालंय, सगळा प्रयोग परत लिहिला, आणि लिहिताना लक्षात आलं की एकच "उद्देश" मी सलग तीन पानांवर उतरवलाय आणि मला पत्ताच नाही. ते पान मी बराच वेळ नुसतं बघत बसलो. आता वाटतं की तिथेच कळायला हवं होतं.

तिसरं, आणि हे बाहेरच्यांना कळत नाही, सिझन. उन्हाळी सेमिस्टरची परीक्षा आणि हापूस एकाच वेळी येतात. ज्यांची बाग आहे त्यांच्या घरी एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना हात लावावाच लागतो, झेल्याने आंबे उतरवायचे, प्रत लावायची, पेट्या भरायच्या, रात्री वाशीचा टेम्पो भरून जाईपर्यंत कोणी झोपत नाही, आणि सकाळी पेपर. पहिल्या सेमिस्टरला गणपती. घरचे पाच, सात किंवा अकरा दिवस, चाकरमानी आलेले, घर भरलेलं, आणि "इंटर्नल कधी आहे तुझी" हे विचारायला कोणाला सुचत नाही. गणपती नकोत असं कोणी म्हणत नाहीये, मी तर नाहीच. फक्त ही सुट्टी आरामाची नसते एवढं मान्य करायला हवं.

आणि समुद्र. "तुम्हाला काय बाबा, समुद्र आहे, जाऊन बसायचं" हे मुंबई-पुण्याच्या भावंडांचं ठरलेलं वाक्य. लोक पैसे मोजून ज्या किनाऱ्यावर टेन्शन घालवायला येतात तिथेच ज्याचा जन्म गेला त्याला त्याचं काय कौतुक, वाळूत बसून पण डोक्यात एटीकेटीचाच फॉर्म असतो. चालायला मात्र किनारा चांगला. बसण्यापेक्षा चालण्याचा उपयोग जास्त, व्यायामाने झोप आणि मूड दोन्ही सुधारतात.

उपायांबद्दल बोलायचं तर नेटवर जे मिळतं त्यात बहुतेक सगळं अजून काहीतरी करायला सांगतं, पाचला उठा, डायरी लिहा, ध्यान करा, पंचवीस मिनिटांचे टायमर लावा. टायमर वाईट नाही. पण ज्याचं भांडं आधीच उतू चाललंय त्यात अजून ओतून काय होणार? आधी काढायला हवं. एका कागदावर आठवड्याचे सगळे तास लिहायचे, एसटीचे, बागेचे, क्लासचे, भावाला शिकवण्याचे, फोनचे पण, आणि मग एक गोष्ट सोडायची. एकच. फेस्टची कमिटी असेल, दुसरा क्लास असेल. चार केट्या असतील तर कोणत्या विषयावर या वेळी जोर आणि कोणते पुढच्या वेळी हे नियम बघून ठरवायचं, चारही एकदम सोडवायला गेलं की चारही परत लागतात. सरांना किंवा मॅडमना तारखेच्या आधी सांगितलं तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते, तारखेनंतर सांगितलं की ते कारण देणं होतं.

झोप कापून अभ्यास करणं हा सगळ्यात महागडा सौदा, कारण दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं. सात तास तरी हवेत. रात्रभर रील्स बघणं म्हणजे आराम नव्हे हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तेच करतात.

काही वेळा बर्नआउट वाटतं आणि निघतं वेगळंच. रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ कमी असणं, यातही असाच थकवा येतो, त्यामुळे साधी रक्ततपासणी करून घेतलेली बरी, मुलींनी तर नक्कीच. आणि डिप्रेशन. साधारण ओळख अशी की बर्नआउटवाल्याला पुस्तक नकोसं होतं पण आरतीला ढोलकी हातात आली की थोडा वेळ तरी तो माणसात येतो. ढोलकी पण नको, जेवण पण नको, माणसं पण नकोत असं दोन आठवडे चाललं, किंवा जगावंसंच वाटेना, तर थांबायचं नाही. १४४१६ ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जायला कोकणात वेगळीच अडचण, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे आणि "तुला रत्नागिरीला न्यायला लागेल" हा इथला घरोघरीचा विनोद. त्या विनोदापायी किती जण नुसते गप्प बसतात. साध्या तपासणीला ओपीडीत जाऊन अर्ध्या दिवसात घरी येता येतं, कोणी कोंडून ठेवत नाही.

बरं व्हायला आठवडे लागतात, कधी अख्खं सेमिस्टर, आणि मार्क लगेच वाढत नाहीत. सुधारणा आधी भलतीकडेच दिसते. माझ्या रूममेटचं सांगतो, तीन महिने ताटात येईल ते न बोलता गिळणारा तो पोरगा एका दुपारी मेसच्या काकूंना म्हणाला, "काकू, आज बांगड्यात तिरफळं विसरलात." काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि काही न बोलता ताटात अजून एक तुकडी वाढली.