वायरलेसचं भविष्य सांगताना दर कायम का हुकतो

सध्या जिकडेतिकडे ६जीची, म्हणजे मोबाईल नेटवर्कच्या पुढच्या पिढीची चर्चा चालू आहे, २०३० च्या आसपास येणार, टॉवर नुसता सिग्नल देणार नाही तर रडारसारखा आजूबाजूचं बघणार पण, वगैरे वगैरे. येईलही. पण आधीच्या भाकितांचं काय झालं ते जरा काढून बघितलं तर मजा येते, कारण हा धंदा १३० वर्षं जुना आहे आणि त्यात यंत्राबद्दल सांगितलेलं बऱ्यापैकी खरं ठरलंय, पण ते वापरणार कोण आणि पडणार केवढ्याला, इथे भले भले तोंडावर आपटलेत.

यंत्राचं आधी सांगतो. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८९२ सालीच लिहून ठेवलं होतं की खांब नको, तारा नको, तरी संदेश जाईल. रेडिओवाल्या मार्कोनीने वायरलेसच्या पेटंटसाठी अर्ज केला तो त्यानंतर ४ वर्षांनी. आणि संशोधक निकोला टेस्ला १९२६ च्या एका मुलाखतीत म्हणाला की हजारो मैलांवरच्या माणसाशी समोरासमोर बसल्यासारखं बघत बोलता येईल आणि ते यंत्र बंडीच्या खिशात मावेल. व्हिडिओ कॉलच की हा! जगदीशचंद्र बोस तर १८९५ च्या सुमारास कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते, आज ५जीच्या सगळ्यात वरच्या बँडला ज्या मिलिमीटर वेव्ह म्हणतात त्याच जातीच्या.

मग चुकलं कुठे? सगळ्यात भारी उदाहरण शॉर्टवेव्हचं, म्हणजे छोट्या लांबीच्या रेडिओ लहरींचं, आणि ते आपल्या पुण्याजवळ येऊन संपतं. सुरुवातीला सगळ्यांची पक्की समजूत होती की लहर जितकी लांब तितका पल्ला जास्त, त्यामुळे प्रचंड मोठी स्टेशनं, उंचच उंच मास्ट, अफाट वीज, आणि ब्रिटिश सरकार अशीच साखळी साम्राज्यभर उभी करायच्या विचारात वर्षानुवर्षं अडकलेलं. २०० मीटरपेक्षा छोट्या लहरी बिनकामाच्या म्हणून अमेरिकेने १९१२ च्या कायद्यात त्या हौशी लोकांच्या गळ्यात मारल्या, घ्या खेळा. त्या हौशी पोरांनी घरी जोडलेल्या सेटवर १९२३ पर्यंत अटलांटिकच्या पलीकडे दोन्ही बाजूंनी गप्पा मारून दाखवल्या! वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून या लहरी परत खाली येतात आणि लांब जातात, हे तोवर कोणी नीट हिशोबात धरलंच नव्हतं. मार्कोनीने वारा ओळखला, १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार केला, आणि १९२७ मध्ये भारत-इंग्लंड बीम सेवा, म्हणजे शॉर्टवेव्ह एकाच दिशेला रोखून तारा पाठवायची सेवा, सुरू झाली. पाठवणारं स्टेशन खडकीला आणि घेणारं दौंडला. (हो, दौंड, जिथे आपण गाडी बदलतो तेच.) स्टेशन स्वस्त म्हणून तार स्वस्त, आणि समुद्राखालच्या केबल कंपन्यांचा धंदा इतका बसला की १९२९ ला केबलवाले आणि वायरलेसवाले यांची एकच कंपनी करावी लागली. इंजिनिअर पल्ल्यावर वाद घालत बसले आणि निकाल लावला दराने.

मोबाईलचंही तेच. सेलची कल्पना, म्हणजे भागाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा टॉवर, अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत १९४७ लाच मांडलेली होती, मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या फोनवरून कॉल केला १९७३ ला, आणि तसा फोन दुकानात आला १९८३ ला, किंमत ३,९९५ डॉलर. आता या किमतीकडे बघून कोण म्हणणार की हे घराघरात जाईल? अमेरिकेतली टेलिफोन कंपनी एटी अँड टीने १९८० च्या सुमारास मॅकिन्झी या सल्लागार कंपनीला विचारलं की २००० सालापर्यंत अमेरिकेत किती लोक हे वापरतील, उत्तर आलं ९ लाख. प्रत्यक्षात १० कोटींच्या वर गेले. हा किस्सा सल्लागारांना हसायला वापरतात, पण मला वाटतं त्यांनी आपण सगळे करतो तेच केलं, आजचा दर आणि आजचं गिऱ्हाईक उचलून २० वर्षं पुढे नेऊन ठेवलं.

उलटीकडचा खड्डा म्हणजे इरिडियम ही सॅटेलाइट फोनची कंपनी. ६६ उपग्रह, जगात कुठेही फोन लागणार, तंत्र एकदम चोख. नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ ला दिवाळं. हँडसेट ३,००० डॉलरच्या घरातला, त्यात बिल्डिंगमध्ये शिरलात की धड लागत नाही, आणि तोवर साधा मोबाईल शहराशहरात स्वस्त होऊन बसलेला.

आपल्याकडे तर दोन्ही चुका, जास्त धरायची आणि कमी धरायची, एकाच दशकात झाल्या. ३१ जुलै १९९५ ला बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर जायचा आणि येणाऱ्या कॉललाही पैसे, म्हणजे खिशात फोन वाजला की आनंदापेक्षा धडकीच जास्त! तरी कंपन्यांनी लायसन्ससाठी अशा बोल्या लावल्या की नंतर फी भरता भरता जीव मेटाकुटीला आला, आणि सरकारला १९९९ च्या धोरणात ठराविक फी सोडून कमाईतला वाटा घ्यायची पद्धत आणावी लागली. त्याच धोरणात सरकारने लक्ष्य ठेवलं की २०१० पर्यंत दर १०० माणसांमागे १५ फोन. आमच्या घरी नंबर लावून वर्षानुवर्षं लँडलाइनची वाट बघितलेली, त्यामुळे तेव्हा १५ सुद्धा थापच वाटायची. मार्च २०१० ला आकडा होता ५२ च्या वर.

मधे काय झालं तर २००३ ला इनकमिंग फुकट झालं आणि आउटगोइंगचे दर धडाधड कोसळले. बाकी विशेष काही नाही, मोबाईलचं जीएसएम तंत्र तेच, टॉवरही तसेच. पण तेवढ्यावर भाजीवाला, रिक्षावाला, प्लंबर सगळे फोनवर आले, आणि मिस कॉल नावाची फुकट भाषा तयार झाली, जी कुठल्याच धोरणात किंवा अहवालात नव्हती.

३जीबद्दल थोडक्यात. युरोपात २००० साली व्हिडिओ कॉलच्या स्वप्नावर स्पेक्ट्रमचे, म्हणजे लहरी वापरायच्या हक्काचे लिलाव झाले, एकट्या ब्रिटनमध्ये २२ अब्ज पौंडांवर, आणि कंपन्या पुढे कित्येक वर्षं कर्ज फेडत बसल्या. आपल्याकडे २०१० ला ३जीच्या लिलावातून ६७ हजार कोटी रुपयांच्या वर आले. पण मोबाईल इंटरनेट गावागावात खरं पोचलं २०१६ नंतर, जेव्हा ४जीचा डेटा पाण्याच्या भावात मिळायला लागला. व्हिडिओ कॉल आले, फक्त ज्यांनी त्यासाठी स्पेक्ट्रम घेतला त्यांना त्यातून वेगळा पैसा मिळाला नाही.

५जीच्या वेळी लांबून ऑपरेशन आणि ड्रायव्हरशिवाय गाडी हे दोनच फोटो फिरत होते. आता आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये ६जीची चौकट मंजूर केलीय, त्यात १५ क्षमता मोजल्यात, वेग, विलंब, कव्हरेज, सुरक्षा, सेन्सिंग, एआय, सगळं आहे. महिन्याचा रिचार्ज केवढ्याला पडेल हा सोळावा रकाना त्यात नाही.