परत आलेल्या मालाचा भुर्दंड कोणावर?

‘पसंत पडलं नाही तर पैसे परत’ ही हमी विक्रेत्यांनी आपणहून द्यायला सुरुवात केली, कारण त्याशिवाय न पाहिलेला माल कोणी घेत नव्हतं. अमेरिकेत माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये टपालाने विक्री सुरू केली आणि १८७५ मध्ये अशी हमी जाहीर केली. दूरच्या गिऱ्हाइकासाठी तोच भरवशाचा आधार होता.

१९१२ मध्ये अमेरिकेच्याच मेन राज्यातल्या एल. एल. बीन यांनी शिकारीचे बूट विकायला काढले. पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले, कारण वरचं चामडं खालच्या रबरापासून सुटत होतं. बीन यांनी सगळ्यांचे पैसे चुकते केले, कर्ज काढून बूट सुधारले आणि त्याच हमीवर कंपनी मोठी झाली. माल परत येण्याचा खरा फायदा हाच, असं मला वाटतं: दोष मालकापर्यंत पोचतो.

ऑनलाइन खरेदीने हे गणित बिघडवलं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या झॅपोस या ऑनलाइन बूटविक्रेत्या कंपनीने बूट परत पाठवणंही फुकट केलं, मग बाकीच्यांनाही ते करावं लागलं. एकच जाकीट तीन मापांत मागवायचं आणि दोन परत पाठवायची, ही सवय लागली. यात मालात खोट काहीच नसते, विक्रेता शिकत काहीच नाही, खर्च मात्र होतो. परत आलेलं जाकीट कोणीतरी उघडून बघतं, डाग, वास, लेबल तपासतं, इस्त्री करून पुन्हा बांधतं. तोवर हंगाम सरला, तर ते घाऊक भावात भंगारासारखं निघतं. अमेरिकेच्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा २०२४ चा अंदाज होता की वर्षभरात ८९,००० कोटी डॉलरचा, म्हणजे विक्रीच्या १६.९ टक्के माल परत येईल. हा भार शेवटी किमतीत मिसळतो, आणि आयुष्यात काहीही परत न केलेला माणूसही तो उचलतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

बीन यांच्या कंपनीनेही २०१८ मध्ये कायमची हमी एका वर्षावर आणली. लोक वर्षानुवर्षं वापरून झिजलेल्या, कधी जुन्या बाजारात उचललेल्या वस्तूही आणून देत होते. २०२२ मध्ये झारा या कपड्यांच्या कंपनीने ब्रिटनमध्ये ऑनलाइन माल पार्सलने परत पाठवण्यावर शुल्क लावलं. दुकानात नेऊन देणं फुकटच राहिलं. युरोपियन युनियनने २०११ च्या निर्देशाने ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत विनाकारण रद्द करण्याचा हक्क दिला होता. त्याच युनियनच्या २०२४ च्या नियमानुसार, न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६ पासून बंदी आहे, आणि हा हक्क वापरून ग्राहकांनी परत केलेला मालही त्यात धरला आहे.