अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायचंय? एनसीएए पात्रतेचा अर्ज आणि तो नेमका कुठे अडकतो

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्चमध्ये प्रत्येक कॉन्फरन्सची, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची, स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा होते. ती जिंकणारा संघ एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो. २०२५ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेत असे ३१ संघ थेट गेले, उरलेले ३७ निवड समितीने घेतले. लहान कॉन्फरन्समधल्या कॉलेजला बहुतेक वेळा आत जायला हा एकच दरवाजा असतो. भारतातून तिथे खेळणं अशक्य नाही; बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाकडून बिग स्काय कॉन्फरन्समध्ये खेळली आहे. पण आपल्याकडच्या मुलामुलींचे अर्ज खेळ कमी पडला म्हणून फारसे अडत नाहीत. अडतात ते नववीच्या गुणपत्रिकेवर, सोडून दिलेल्या गणितावर आणि बारावीनंतर 'तोवर' घेतलेल्या प्रवेशावर.

कॉलेजं याबाबत इतकी कडक का, हे इतिहासावरून कळतं. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) १९५३ मध्ये स्थापन झाली आणि १९५४ पासून तिची स्पर्धा सुरू झाली. पुढची वीस वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत या कॉन्फरन्सचा एकच संघ जायचा, तो म्हणजे ही स्पर्धा जिंकणारा. १९७४ च्या अंतिम सामन्यात मेरीलँड जादा वेळेत नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून १००–१०३ असा हरला आणि देशातल्या सर्वोत्तम संघांत गणना होत असूनही राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट त्या वर्षी राष्ट्रीय विजेता झाला. १९७५ पासून राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घ्यायला सुरुवात झाली. कॉन्फरन्स स्पर्धेचं वजन मात्र टिकलं. अपात्र खेळाडू खेळवला तर जिंकलेलंही हातातून जातं: कॅन्ससने २०१८ मध्ये बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली होती, एका खेळाडूच्या अपात्रतेमुळे २०२३ मध्ये त्या विजयाची नोंदच रद्द झाली. त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये शंका दिसली, तर प्रशिक्षक कितीही गोड बोलत असला तरी कॉलेज तुम्हाला मैदानात उतरवणार नाही.

नोंदणी

डिव्हिजन एक किंवा दोनमध्ये (एनसीएएच्या वरच्या दोन स्तरांत) खेळायचं असेल तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, फी भरायची (परदेशी विद्यार्थ्यांची जास्त असते) आणि नववीपासून शिकलेली प्रत्येक शाळा नोंदवायची. 'प्रत्येक' या शब्दाकडे लक्ष द्या. आपल्याकडे दहावीपर्यंतची शाळा वेगळी आणि अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालय वेगळं असतं. मुलं फक्त दुसरं नाव भरतात आणि फाइल महिनोन् महिने अपूर्ण पडून राहते.

विषय आणि गुण

डिव्हिजन एकसाठी नववी ते बारावीत १६ कोअर विषय-वर्षं लागतात (एक मुख्य विषय वर्षभर शिकला की एक): इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिघांपैकी आणखी १, सामाजिक शास्त्रं २ आणि जादा ४. या विषयांत किमान २.३ जीपीए (चारपैकी सरासरी श्रेणी) हवा. डिव्हिजन दोनला २.२ चालतो. शारीरिक शिक्षणाचे गुण यात धरत नाहीत.

खरी अडचण गणिताची. दहावीनंतर कला शाखा घेतली, किंवा वाणिज्यमध्ये गणित सोडलं, की हातात नववी आणि दहावी अशी दोनच वर्षं उरतात. तिसरं वर्ष कुठून आणायचं? वेळेत बारावी झालेल्यांना डिव्हिजन एकसाठी पुढच्या वर्षभरात एकच कोअर विषय वाढवता येतो, त्याहून जास्त नाही. मुलगी दहावीत असेल आणि अमेरिकेचा विचार डोक्यात असेल, तर अकरावीचा फॉर्म भरताना गणित ठेवा. एवढ्या एका निर्णयाने पुढची बरीच धावपळ वाचते. एसएटी किंवा एसीटी या परीक्षांची अट पात्रतेतून २०२३ मध्ये निघाली, पण विद्यापीठ प्रवेशासाठी त्यांचे गुण मागू शकतं.

कुणाकडेच नसलेला कागद

दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिका लोक जपून ठेवतात. नववी आणि अकरावीच्या कुणी ठेवत नाही, कारण आपल्याकडे त्यांना कुणी विचारतच नाही. एलिजिबिलिटी सेंटरला मात्र नववीपासून प्रत्येक वर्षाची नोंद आणि त्यावर उत्तीर्ण झाल्याचा पुरावा हवा असतो. शाळेत जाऊन निकालपत्रकावरून दुय्यम प्रत मागा. विषयवार गुण, कमाल गुण, शैक्षणिक वर्ष, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का हे सगळं एकाच कागदावर हवं. 'विद्यार्थी नववी उत्तीर्ण आहे' एवढंच लिहिलेला दाखला घेऊन परत फिरू नका. 'उद्या या' असं ऐकायची तयारी ठेवून जा आणि मे महिन्याच्या सुटीआधीच जा. सुटीत कार्यालय उघडं असलं तरी सही करणारं माणूस सापडत नाही.

मराठी माध्यमाचं प्रगतिपुस्तक असेल तर मूळ प्रत आणि ओळीला ओळ जुळणारा प्रमाणित इंग्रजी अनुवाद, दोन्ही लागतात. अनुवादकाने गुणांचं रूपांतर करायचं नाही, श्रेणी बदलायची नाही. शंभरपैकी ६२ असतील तर ६२ च लिहायचे. जो कागद शाळेनेच पाठवावा असं तुमच्या खात्यात लिहिलंय, तो घरून पाठवू नका.

नावाचंही आधीच बघा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव; पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी स्पेलिंगही वेगळं. खातं पासपोर्टप्रमाणे उघडा आणि फरक असेल तर तो पहिल्याच दिवशी लेखी कळवा.

चुकीची वाचलेली मुदत

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. बास्केटबॉलमध्ये बारावी पूर्ण होण्याच्या अपेक्षित तारखेपासून एक वर्षाची सवलत मिळते; तेवढ्या काळात कॉलेजात नसतानाही स्पर्धा खेळलेल्या चालतात. ही तारीख नववीत कधी प्रवेश घेतला त्यावरून धरतात, प्रत्यक्ष पास कधी झालात त्यावरून नाही. म्हणजे वर्ष वाया गेलं असेल, तर तेही या हिशेबात मोजलं जातं. सवलत संपल्यावर संघटित स्पर्धा खेळलात तर तुम्हाला कॉलेजात मिळणाऱ्या हंगामांतून कापले जातात आणि अमेरिकेत गेल्यावर पहिलं वर्ष बसून काढावं लागतं. संघटित म्हणजे फक्त राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा नव्हे. अधिकृत गुणलेखन आणि पंच असलेली क्लबची लीगसुद्धा त्यात येते.

दुसरा सापळा एफवायचा. 'व्हिसा येईपर्यंत तरी' म्हणून पूर्णवेळ बीए किंवा बीकॉमला नाव घालून वर्गात बसलात, की डिव्हिजन एकमध्ये खेळण्यासाठीची पाच वर्षांची मुदत त्याच दिवशी सुरू होते. ते कॉलेज भारतातलं आहे याने काहीच फरक पडत नाही. वर आंतरमहाविद्यालयीन सामने खेळलात, तर त्याचाही हिशेब द्यावा लागतो.

हौशीपणाची प्रश्नावली

तुम्ही पैशासाठी खेळणारे व्यावसायिक खेळाडू नाही ना, हे खात्यातल्या या प्रश्नावलीतून तपासतात. गावोगावच्या खुल्या स्पर्धांत रोख बक्षिसं असतात. ती लपवू नका. रक्कम किती, कुणाच्या हातात आली, प्रवास-निवासाचा खर्च किती झाला, हे पावत्यांसह लिहून ठेवा. रेल्वे किंवा पोलीस संघाकडून खेळला असाल, तर नेमणुकीचं पत्र आणि पगाराचा तपशीलही जोडा. लपवलेली गोष्ट जुन्या बातमीतून किंवा समाजमाध्यमावरच्या धनादेशासकटच्या फोटोतून बाहेर येते, आणि मग अख्ख्या फाइलवरचा विश्वास उडतो.

प्रश्नावली भरली म्हणजे काम झालं, असं समजून बरेच जण थांबतात. ऑगस्टमध्ये प्रवेश घेणार असाल तर १ एप्रिलपासून खात्यात जाऊन अंतिम प्रमाणपत्राची विनंती स्वतः करायची असते. तसंच कॉलेजने तुम्हाला आपल्या विनंती यादीत घातल्याशिवाय फाइलची अंतिम तपासणी होत नाही. प्रशिक्षकाला ईमेलवर स्पष्ट विचारा: माझं नाव यादीत घातलं का, कोणत्या तारखेला?

पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. प्रवेश, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र) आणि एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा या स्वतंत्र गोष्टी आहेत. जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पण एफ-वनवर कामाची बंधनं असतात. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय अशा कुठल्याही करारावर सही करू नका. नियमही झपाट्याने बदलत आहेत, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच वर्षाची नियमपुस्तिका वाचा.

कॉलेजची स्वतःची पात्रता

हे कुणी विचारत नाही, आणि विचारायलाच हवं. डिव्हिजन दोनमधून एकमध्ये येणाऱ्या कॉलेजला संक्रमणकाळात राष्ट्रीय स्पर्धा बंद असते. बेलार्मिनने २०२२ मध्ये एसन कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, तरी राष्ट्रीय स्पर्धेत जॅक्सनव्हिल स्टेट गेलं. २०२३ मध्ये मेरीमॅकने नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचा अंतिम सामना ६७–६६ ने जिंकला. पुढे गेलं हरलेलं फेअरली डिकिन्सन, आणि त्यांनी अग्रमानांकित पर्ड्यूला ६३–५८ असं हरवलं. कनेक्टिकटचा प्रकार वेगळा होता. खेळाडूंच्या शैक्षणिक प्रगतीचा आकडा कमी पडला म्हणून २०१३ मध्ये त्यांना बिग ईस्ट कॉन्फरन्सची स्पर्धाही खेळता आली नाही.

शिवाय काही कॉन्फरन्समध्ये सगळेच संघ तिच्या स्पर्धेला येत नाहीत. आयव्ही लीगमध्ये आठपैकी चारच येतात, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. एसीसीत २०२५ मध्ये अठरापैकी पंधरा संघ आले. होकार देण्याआधी कॉलेजकडून या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या: संक्रमणकाळ चालू आहे का, संघावर बंदी आहे का, आणि कॉन्फरन्सच्या स्पर्धेत किती संघांना जागा आहे.