एक लाखाचा पिकअप

दिवाळीत भाचा आला तो यादी घेऊनच. त्याने 2019 ची पेट्रोल स्विफ्ट घेतली होती, सेकंडहँड, मधलं मॉडेल. गाडीचे पैसे देऊन एक लाख उरले होते आणि ते कुठे घालायचे हे मोबाइलमध्ये लिहून ठेवलेलं होतं: सतरा इंची मॅगव्हील, हवेचा कोन फिल्टर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, रिमॅप, ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमटणारे लाल कॅलिपर.

"मामा, आधी काय करू? पिकअप वाढला पाहिजे."

फराळाचं ताट बाजूला सारून आम्ही कागद-पेन घेतलं. ताईने कपाळावर हात मारला, पण तिला सवय आहे.

सगळ्यांचा जीव इंजिनात अडकलेला असतो, म्हणून तिथूनच सुरुवात केली. हे इंजिन 1197 सीसीचं, 83 पीएस (अश्वशक्ती) ताकदीचं, 113 न्यूटन-मीटर टॉर्कचं, म्हणजे फिरवायच्या जोराचं. टर्बो नाही. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा शिरते ती बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने, तिला आत ढकलणारं कोणी नाही. पेट्रोल हवं तेवढं सोडता येईल, पण ते जाळायला हवा मोजकीच मिळणार. म्हणून अशा इंजिनाची परीक्षा घ्यायची सोपी रीत म्हणजे एका लिटरमागे टॉर्क किती, ते पाहणं. स्विफ्टचा येतो 94. आता शेजारी 2021 ची पोर्शे 911 जीटी3 ठेवा. तिचंही इंजिन बिनटर्बोचं, चार लिटरचं, 470 न्यूटन-मीटरचं. लिटरमागे पडतात साधारण 117. कोट्यवधींची गाडी आणि आपली मारुती, पण हवेच्या एका घोटाचा हिशेब केला तर फरक पंचवीस टक्क्यांचा! पोर्शेची ताकद येते ती मोठ्या घोटातून आणि मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत तो घोट घेत राहण्यातून. तेवढे फेरे सोसायचे तर कॅमशाफ्ट, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, पिस्टन, कनेक्टिंग रॉड सगळंच बदलायला लागतं. तिथे लाख रुपये चहापाण्यात संपतील.

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं गणित बदलणं. कंपनीने खराब पेट्रोल, उन्हाळा आणि प्रदूषणाचे नियम धरून राखलेली थोडी सूट त्यातून वसूल करता येते. बिनटर्बोच्या इंजिनात ती थोड्या टक्क्यांचीच असते, कारण हवा वाढत नाही. टर्बोची गोष्ट निराळी. फोक्सवॅगन पोलोचं एक लिटरचं टीएसआय इंजिन 175 न्यूटन-मीटर देतं, कारण तिथे पंखाच हवा कोंबत असतो आणि कोंबायचा दाब कॉम्प्युटर ठरवतो. भाच्याने ती गाडी घेतली असती तर रिमॅपला मी यादीत वरचं स्थान दिलं असतं, क्लचची काळजी करत करत.

कोन फिल्टरवर मात्र मी सरळ काट मारली. कंपनीच्या फिल्टरचा डबा बंद असतो आणि त्याचं तोंड बाहेरच्या गार हवेकडे काढलेलं असतं. कोन फिल्टर उघडाच, तापलेल्या बॉनेटखाली. बाहेर 30 अंश असताना सिग्नलवर आतली हवा 60 अंशांवर गेली, तर ती सुमारे नऊ टक्के विरळ होते. म्हणजे पैसे देऊन आपण इंजिनाला कमी हवा पाजतो. तरीही लोक शपथेवर सांगतात की गाडी पळायला लागली. त्यांचं खोटं नसतं, फिल्टरचा सूं-सूं आवाज केबिनमध्ये येतो आणि कान वेग वाढल्याचं सांगतात. मोठ्या सायलेन्सरचंही बरंचसं तेच, फक्त तिथे शेजारपाजारचेही कान गुंततात.

"मग पिकअप?" भाच्याचा चेहरा उतरला होता.

मी त्याला उठवून अंगणात नेलं आणि पुढच्या चाकाशी उकिडवं बसवलं. दोघं बसलो की ही गाडी साधारण 1000 किलोची. एका चाकावर 250 किलो धरू. टायरमध्ये हवा 33 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलोचा दाब. भागाकार केला की टायरचा रस्त्याला टेकलेला भाग येतो जेमतेम 110 चौरस सेंटिमीटर. तळहाताहून जरा मोठा. पळणं, वळणं, थांबणं हे सगळं अशा चार तळहातांवर चालतं. इंजिनाने कितीही जोर लावला तरी तो रस्त्यावर उतरतो तिथूनच.

रबर रस्त्याला धरतं ते दोन प्रकारांनी. एक म्हणजे रेणूंच्या पातळीवरचं चिकटणं. दुसरं म्हणजे डांबरातल्या खडीच्या टोकांवर रबर दबतं, पुन्हा फुगतं आणि त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन खर्च होते. ही खर्च होणारी ऊर्जाच पकड देते. टायर जुना झाला की ऑक्सिजन आणि उन्हाने रबर कडक होतं. नक्षी शाबूत दिसते, टायर गोटा झालेला नसतो, पण खडीत रुतायचा मऊपणा गेलेला असतो.

आता आकडे. ताशी 100 किलोमीटर वेगावरून ब्रेक दाबला आणि टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, 0.8 असला, तर गाडी साधारण 49 मीटरवर थांबते. चांगल्या टायरने तो 0.9 झाला तर 44 मीटरवर. पाच मीटर ऐकायला काही वाटत नाही. पण दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी धावत असतील, तर चांगल्या टायरची गाडी जिथे उभी राहिली तिथून दुसरी ताशी 33 किलोमीटर वेगाने पुढे जात असते. समोर ट्रक असेल तर चित्र डोळ्यांपुढे आणा. वळणातही तेच: 40 मीटर त्रिज्येचं वळण पहिला टायर 64 च्या वेगाने घेऊ शकला, तर दुसरा 68 ने. हा फरक इंजिनात शोधायला गेलो असतो तर सापडलाच नसता.

टायर कुठला, तर त्याचं उत्तर कंपनीनेच देऊन ठेवलं आहे. भाच्याच्या मॉडेलला 165/80 आर 14 टायर आहेत, वरच्या मॉडेलला 185/65 आर 15. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर बाहेरचा व्यास पहिल्याचा 620 मिलिमीटर येतो, दुसऱ्याचा 621.5. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, टायर मडगार्डला घासणार नाही, आणि बाजूची भिंत बुटकी झाल्याने वळणात टायर कमी लवेल.

मग सतराच का नको? सतरा इंची स्वस्त मॅगव्हील बहुधा जड असतं आणि त्याचं वजन मध्यापासून लांब, कडेला गेलेलं असतं. चाक नुसतं पुढे जात नाही, ते फिरतंही, त्यामुळे कडेचा एक किलो पळवताना जवळजवळ दोन किलोंइतका जड पडतो. चाकामागे तीन किलो वाढले तर गाडीत वीसेक किलोंचं पोतं टाकल्यासारखं होतं. वर खड्ड्यातून उडालेलं जड चाक पुन्हा रस्त्यावर टेकवायला शॉकअपला उशीर होतो, आणि चाक हवेत असताना पकड शून्य. पिकअप वाढवायला निघालेली गाडी पिकअप घालवून बसते, फोटो मात्र झकास येतो.

ब्रेकबद्दल लोकांची समजूत गंमतशीर असते. गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र इंजिन नाही, ब्रेक आहेत. हजार किलोंची गाडी शंभरच्या वेगात असताना तिच्यात सुमारे 386 किलोज्यूल ऊर्जा असते आणि साडेतीन सेकंदांत ब्रेक तिची उष्णता करून टाकतात. सरासरी 109 किलोवॅट. इंजिन 61 किलोवॅटचं. पावणेदोनपट! जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर जाणवते, याचा अर्थ ब्रेकने आपलं काम आधीच पूर्ण केलं आहे आणि आता कमी पडतोय तो टायर. मोठी डिस्क लावून ते अंतर घटत नाही.

मोठ्या डिस्कचा उपयोग उष्णता पचवण्यापुरता. आणि तिथे त्याहून कितीतरी स्वस्त इलाज आहे. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त खाली येते. हिशेबाने ती ऊर्जा शंभरच्या वेगावरून चौदा वेळा थांबण्याइतकी भरते. काही भाग वारा आणि इंजिन खातं, बाकीचा ब्रेकच्या वाट्याला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडचा पावसाळा त्याला भरपूर पाजतो. डॉट 4 प्रतीचं कोरं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळायचं नाही, पण पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर हीच हमी 155 वर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि पायाचा जोर ब्रेकपर्यंत पोचायच्या आधी बुडबुडेच दाबले जातात. मला हे एकदा त्याच घाटात कळलं. पाच वर्षं ऑइल बदललं नव्हतं, दोष सर्वस्वी माझा. पेडल लोण्यासारखं खाली गेलं. पहिला गिअर, हँडब्रेक आणि कठड्याकडे बघायचं नाही असं ठरवून गाडी थांबवली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो, मजुरीसह हजार-बाराशेत भागतं.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. स्प्रिंगा कापून गाडी बसवणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. कापलेली स्प्रिंग कडक होते, तिला आवरायला शॉकअप जुनाच राहतो आणि गाडी उड्या मारते. थकलेले शॉकअप, फाटलेले रबरी बुश आणि लिंक रॉड कंपनीचेच नवे घातले, चाकांची अलाइनमेंट नीट केली, की गाडी पुन्हा नवी लागते. शिवाय 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गाडीत मूळ रचनेच्या विरुद्ध फेरफार करता येत नाहीत असं सांगितलेलं आहे. अपघातानंतर विमा कंपनीला ते बरोब्बर आठवतं.

शेवटी कागदावर उरलं ते असं: वरच्या मॉडेलचे रिम, चार टायर, ब्रेक ऑइल, चांगले पॅड, पुढचे शॉकअप, बुश, अलाइनमेंट. लाखातले बरेच पैसे शिल्लक. भाचा म्हणाला, "ते मी सायलेन्सरला ठेवतो." मी गप्प बसलो, सण होता.

भाऊबीज झाल्यावर टायरवाल्याकडे गेलो. त्याने चार टायर आणून रांगेत उभे केले, कोरे, अंगावरचे रबरी केस अजून तसेच. भाच्याने वाकून टायरच्या दंडावरचा अंडाकृती शिक्का शोधला. त्यातले चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. दोन टायर त्या वर्षीचे होते, दोन तीन वर्षांपूर्वीचे.

"काका, हे दोन परत ठेवा," भाचा म्हणाला.

टायरवाल्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पोऱ्याला हाक मारून माळ्यावरून दुसरे काढायला सांगितले.