पडद्यावरचं जंगल आणि खरी तोड : पार्श्वभूमी

जंगलाचा राखणदार आणि कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस यांची गोष्ट गिल्गामेशच्या महाकाव्याइतकी जुनी आहे. तिथे देवदारांच्या वनाची राखण करणारा हुंबाबा मारला जातो. पऱ्या, बोलके प्राणी आणि झाडं गिळत निघालेलं अजस्र यंत्र हा कौटुंबिक चित्रपटातला साचा मात्र लोकांच्या मनात बसला तो १९९२ च्या ‘फर्नगली’मुळे. त्याच वर्षी जूनमध्ये रिओची वसुंधरा परिषद भरली.

‘फर्नगली’ घडतो ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनात आणि तिथली खरी लढाई त्याच्या बरीच आधीची. ऑगस्ट १९७९ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या टेरानिया क्रीकला माणसं बुलडोझरपुढे उभी राहिली, झाडांवर चढून बसली. वाद नुसता ‘तोडा की राखा’ एवढाच नव्हता. तो अडला होता ब्रश बॉक्स या झाडावर. निलगिरीच्या कुळातलं हे झाड वर्षावनाच्या छतातून डोकं वर काढतं आणि त्याचं लाकूड टणक, बाजारात मागणी असलेलं. वनखात्याचं म्हणणं असं, की ब्रश बॉक्स म्हणजे हार्डवुड, निलगिरीसारखं टणक लाकडाचं झाड, वर्षावनातलं नव्हे; ते तोडलं तर वर्षावनाला हात लागत नाही. अभ्यासक सांगत होते, की खाली ताडवर्गीय झाडं आणि नेचे वाढलेत, त्यांच्या मधोमध हा वृक्ष उभा आहे, तो वर्षावनातलाच. यातली काही झाडं हजार वर्षांहून जुनी. सरकारने चौकशी नेमली आणि तिचा कौल तोडीच्या बाजूने गेला. तरीही १९८२ मध्ये सरकारने राज्यातल्या वर्षावनांचा मोठा भाग तोडीतून काढून घेतला. १९८६ मध्ये ही वनं जागतिक वारसा यादीत गेली. चौकशीचं न ऐकता घेतलेला हा निर्णय माझ्या मते त्या साऱ्या काळातला सर्वांत धाडसी. सॉ मिलवर पोट असलेल्या कुटुंबांना तो तसा वाटला नाही, हेही खरं.

उत्तरेला क्वीन्सलंड राज्यातल्या डेनट्रीच्या वर्षावनात १९८३-८४ मध्ये जंगलातून जाणारा रस्ता रोखायला लोकांनी स्वतःला जमिनीत पुरून घेतलं, तरी रस्ता झालाच. तिथलं वन वारसा यादीत आलं १९८८ मध्ये.

‘फर्नगली’त यातलं काय उतरलं? एक तपशील अगदी अचूक आहे : तोडायच्या झाडावर मारलेली लाल रंगाची फुली. ती मारणारा पोरगाच पुढे परीच्या आकाराएवढा होतो. पण दोष जातो झाडात कोंडलेल्या आणि यंत्राने मोकळ्या केलेल्या दुष्ट शक्तीकडे. यंत्र चालवणारे दोघे नुसते बेफिकीर कामगार. तोडीचा परवाना कुणी दिला, लाकूड कुठे चाललंय, हे विचारायला गोष्टीत कुणीच उरत नाही, आणि मुलांना हे समजणार नाही असं मानणं मला पटत नाही.

१९९७ च्या जपानी ‘प्रिन्सेस मोनोनोके’ने वेगळी वाट धरली. तो थोड्या मोठ्या मुलांसाठीचा. त्यात जंगल उजाड करणारी लोखंडनगरीची मालकीण कुष्ठरोग्यांना आसरा देते आणि वेश्यागृहांत विकल्या गेलेल्या बायकांना सोडवून कामाला लावते. शेवटी तिचा हात जातो, पण ती मरत नाही. नगरी नव्याने, आणखी चांगली उभारू म्हणते.