मध्ये कोण पडणार?

‘सोड मला, मी तुला ओळखत नाही!’ आणि ‘सोड मला, कशाला लग्न केलं मी तुझ्याशी!’ झटापट तीच, पुरुष तोच, बाई तीच. फक्त ओरडताना उच्चारलेलं वाक्य वेगळं. लान्स शॉटलंड आणि मार्गरेट स्ट्रॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध केला. हल्ला नाटकी होता, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. पहिलं वाक्य ऐकणाऱ्यांपैकी ६५ टक्के लोकांनी काही ना काही हालचाल केली. दुसरं वाक्य ऐकलेल्यांत हे प्रमाण १९ टक्क्यांवर आलं.

‘नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडा!’ हे तत्त्वज्ञान आपल्याकडे चाळीपासून टॉवरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकी विद्यार्थ्यांनाही ते पाठ होतं. पण याच अभ्यासातला पुढचा भाग जास्त अस्वस्थ करतो. दोघांचं नातं काय हे कळायला काहीच मार्ग नसला, तरी पाहणाऱ्यांचा कल ‘जोडपं असावं’ असं समजण्याकडेच होता. म्हणजे बाई गप्प राहिली, तर तिच्या छळाचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावून मोकळे होतो.

आता हे सगळं बसमध्ये किंवा लोकलच्या जनरल डब्यात नेऊन पाहा. तिथे संशयाचा फायदा त्रास देणाऱ्याला आयताच मिळतो. गर्दीत धक्का लागणारच, हात वरच्या कडीवरून घसरणारच, गाडीने ब्रेक मारला की माणूस अंगावर येणारच. त्याच्या प्रत्येक कृतीला निरपराध स्पष्टीकरण तयार असतं. जिला तो स्पर्श झाला तिला मात्र शंका नसते. (अशा हाताला टोचायचं, हा पर्समधल्या सेफ्टी पिनचा उपयोग मुलींच्या किती पिढ्यांनी एकमेकींना शिकवला असेल!) शेजारी उभ्या असलेल्याला दिसतं ते एवढंच: एक मुलगी अंग चोरतेय आणि एक माणूस खिडकीबाहेर बघतोय.

अशा वेळी आपण काय करतो? इतरांच्या चेहऱ्याकडे बघतो. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हेच तपासलं. विद्यार्थी प्रश्नावली भरत बसलेले असताना त्यांनी भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन ते सांगितलं. पण सोबत दोन जण मुद्दाम निर्विकार बसवले, तेव्हा दहांपैकी एकानेच सांगितलं. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत लिहीत राहिले. नंतर विचारलं तर आग असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं म्हणे. प्रत्येक जण दुसऱ्याची शांतता हा पुरावा मानतो, आणि तो दुसराही आपल्याकडे बघूनच शांत असतो. याखेरीज ‘एवढ्या लोकांत मीच का?’ ही जबाबदारीची वाटणीही असतेच.

यावरून ‘गर्दी जितकी मोठी तितकी मदत कमी’ असा नियम झाला आणि तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पण पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने त्याला तडा दिला. आयर्विंग पिलियाविन आणि सहकाऱ्यांनी ५९ व्या आणि १२५ व्या रस्त्यांमधला, साडेसात मिनिटं न थांबणारा टप्पा निवडला. त्यांचा एक माणूस चालत्या डब्यात अचानक कोसळायचा. कधी त्याच्या हातात काठी असायची, कधी अंगाला दारूचा वास आणि कागदी पिशवीत बाटली. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा कोणीतरी आपणहून उचललं. दारूच्या वासाच्या माणसालाही ३८ पैकी १९ वेळा मदत मिळाली. डब्यात माणसं जास्त म्हणून मदत कमी, असं काही दिसलं नाही. माणूस डोळ्यांसमोर पडला होता, काय झालंय हे स्पष्ट होतं आणि गाडी थांबेपर्यंत निघून जायलाही वाव नव्हता.

मला हा प्रयोग धुराच्या प्रयोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पण लोकप्रिय झाली ती निष्ठुर गर्दीची गोष्ट. तिचं मूळ १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या किटी जेनोव्हीस हिच्या खुनात आहे. ३८ शेजारी खिडकीतून बघत राहिले आणि कोणी हलला नाही, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं. प्रत्यक्षात ३८ जणांनी सगळं पाहिलं याला आधार नव्हता. एकाने ओरडून हल्लेखोराला काही काळ पळवून लावलं होतं आणि एक शेजारीण धावत खाली जाऊन तिला शेवटपर्यंत धरून बसली होती. वृत्तपत्रानेही २०१६ मध्ये आपल्या बातमीतल्या चुका मान्य केल्या.

आपण यातून फार शिकलो असं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका गाडीत बलात्कार झाला, तेव्हा प्रवासी बघत बसले आणि फोनवर चित्रण करत राहिले अशी बातमी जगभर गेली. काही दिवसांतच तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांनी सांगितलं की हे चित्र खोटं आहे. प्रवासी चढत-उतरत होते आणि काय चाललंय हे प्रत्येकाला कळलेलं असेलच असं नव्हतं.

खऱ्या रस्त्यावर काय घडतं याचा मोठा पुरावा २०२० मध्ये आला. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं. ९१ टक्के प्रसंगांत किमान एक तरी माणूस मध्ये पडला होता, आणि बघे जास्त असले तर मदतीची शक्यता वाढत होती. अर्थात ती उघड भांडणं होती. गर्दीतला चोरटा स्पर्श कॅमेऱ्याला दिसत नाही, तसा शेजाऱ्यालाही दिसत नाही, म्हणून हा आकडा लोकलच्या डब्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही एक धागा हाती लागतो: माणसं अडतात ती बहुतेकदा ‘हे नक्की काय चाललंय’ या प्रश्नापाशी. तो प्रश्न कोणीतरी मोठ्याने सोडवला, की डब्याचा नूर पालटतो.

तो सोडवायचा कसा? त्रास देणाऱ्याची कॉलर धरणं हा सिनेमाने शिकवलेला मार्ग आहे आणि तोच सगळ्यात धोक्याचा. मे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या रेल्वेत दोन मुलींवर धर्मावरून शिव्यांचा भडिमार चालला होता. मध्ये पडलेल्या तिघांना त्या माणसाने भोसकलं आणि त्यातले दोघे गेले. त्यामुळे ‘मी का गेलो नाही’ म्हणून स्वतःला भित्रा ठरवण्याआधी समोरच्याच्या हातात काय आहे, तो नशेत आहे का, पुढचं स्टेशन किती लांब आहे, हे बघण्यात शहाणपण आहे.

जगभर असं प्रशिक्षण देणारे लोक म्हणूनच सांगतात की बोलायचं ते त्रास देणाऱ्याशी नाही, तिच्याशी. ‘ताई, इकडे या, इथे जागा आहे.’ किंवा सरळ ओळख काढायची: ‘अगं, तू इथे कशी? आई बरी आहे का?’ शॉटलंड-स्ट्रॉच्या प्रयोगात नात्याच्या नुसत्या समजुतीने मदत रोखली होती. इथे खोटं नातं उभं करून मदत पोचवता येते. त्रास देणाऱ्याला उत्तर द्यायला काही मिळत नाही आणि तिला मान हलवली तरी पुरतं. तिला नको असेल, तर ती तसं सांगेल. तेही ऐकायचं.

दुसरं, ‘कोणीतरी काहीतरी करा’ असं हवेत बोलू नये. ‘निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही चेन ओढा, मावशी, तुम्ही हिच्या शेजारी थांबा’ असं नेमकं सांगितलं की जबाबदारीची वाटणी उलटी फिरते. बसमध्ये कंडक्टरला मोठ्याने सांगावं. बस थेट पोलीस ठाण्यात नेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. रेल्वेत १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांचा १५१२, एरवी ११२. चित्रण केलंत तर ते तिच्या हवाली करा. समाजमाध्यमावर टाकायचं की नाही हे ठरवणारे आपण नाही.

आणि गाडीतून उतरल्यावर? हा भाग बहुतेक जण विसरतात. पोलीस ठाण्याची पायरी चढायला लागणारं बळ एकटीकडे नेहमी असतंच असं नाही. चालत्या गाडीतल्या गुन्ह्यात ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकायला मिळू शकतं. कायद्याने मात्र कुठल्याही ठाण्याला तक्रार शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. आपलं नाव आणि नंबर लिहून देत ‘मी पाहिलंय, लागलं तर सांगायला येईन’ एवढं फलाटावर म्हटलं, तरी तिच्या तक्रारीला साक्षीदार मिळतो. डब्यात असताना तोंडातून शब्द फुटला नसेल, त्यालाही हे करता येतं.